आमच्या घरातलं वादळ, उंची तीन फूट

दिवसभर पळणारं, चढणारं, ओरडणारं आणि प्रत्येक गोष्टीला 'मीच कलणाल' म्हणणारं एक पात्र घरात असेल तर आयुष्याचं नेमकं काय होतं? कर्जतच्या एका टू-बीएचकेमधून हा थेट रिपोर्ट...

वेळ दुपारी सव्वाबारा. स्थळ कर्जत, दुसरा मजला, आमची गॅलरी. पाऊस जरा थांबलाय म्हणून मी ओले कपडे दोरीवर टाकतेय. मागे 'खट्ट' असा आवाज होतो. वळून बघते तर गॅलरीचं दार बंद. काचेपलीकडे आमच्या बाईसाहेब. वय वर्षं दोन, महिने आठ. एका हातात माझा मोबाईल, दुसरा हात कडीवर आणि चेहऱ्यावर वर्ल्ड कप जिंकल्याचा आनंद!

तिला कडी लावता येते हे त्या क्षणापर्यंत घरात कुणालाच माहीत नव्हतं. बहुधा तिलाही नव्हतं. लावता आली, पण काढता काही येईना. मी काचेतून खुणा करतेय, ती मला टाटा करतेय. सासूबाई बाजारात गेलेल्या. नवरा विक्रोळीच्या ऑफिसात. आणि गॅसवर कुकर. पहिली शिट्टी झाली.

खाली इस्त्रीवाले काका होते म्हणून वाचले. वरून ओरडून त्यांना शेजारच्या काकूंकडे पाठवलं, त्यांच्याकडे आमची जादा किल्ली असते. पण काकू देवळात! तोवर इकडे बाईसाहेबांची मजा संपून भीती सुरू झालेली. ओठ थरथरायला लागले. मग काय, काचेवर पावसाची वाफ धरली होती, तिच्यावर बोटाने मांजर काढलं. तिने पलीकडून त्या मांजराला शेपटी काढायचा प्रयत्न केला. मी हत्ती काढला. असं वीस मिनिटं चाललं. कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या. मोबाईलवर संपादकांचे तीन मिस्ड कॉल येऊन गेले. शेवटी काकू धापा टाकत आल्या, दार उघडलं, गॅस बंद केला आणि म्हणाल्या, "बाई गं, मुलगी आहे की माकड?"

थोड्या वेळाने पिशवी घेऊन सासूबाई आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे भेंडी निवडायला बसल्या. "हिचा बाप असाच होता," एवढीच प्रतिक्रिया.

गुणी बाळ आणि बाकीचे

अशा मुलांसाठी मराठीत शब्दांची कमी नाही. अवखळ, खोडकर, द्वाड, वांड, हट्टी, आगाऊ, मस्तीखोर... गेल्या वर्षभरात माझ्या लेकीसाठी हे सगळे वापरून झालेत. पण एक गंमत लक्षात आली. खालच्या मजल्यावर तिच्याच वयाचा एक मुलगा आहे. तोही सोफ्यावरून उड्या मारतो, तोही भाजीवाल्याच्या गाडीवरचे टोमॅटो खाली टाकतो. त्याच्यासाठी 'खोडकर' आणि 'अवखळ' हे राखीव. सोबत कौतुकाचं हसू फ्री! आमच्या वाट्याला 'हट्टी' आणि 'आगाऊ'. एका काकांनी तर लिफ्टमध्येच सल्ला दिला, "मुलीच्या जातीला जरा वळण लावा आत्तापासून." मुलीची जात त्या वेळी लिफ्टची सगळी बटणं दाबत होती.

दह्याची मडकी फोडणाऱ्या बाळकृष्णाच्या खोड्या आपण शेकडो वर्षं कौतुकाने गातोय. मडकी फोडणाऱ्या मुलीचं गाणं कुणाला माहीत असेल तर मला जरूर कळवा.

इंग्रजीत अशा मुलांसाठी 'स्पिरिटेड' हा शब्द रुळला तो मेरी शीडी कुर्सिंका या अमेरिकन लेखिकेमुळे. 'रेझिंग युअर स्पिरिटेड चाइल्ड' हे तिचं पुस्तक १९९१ सालचं. तिचा फंडा सोपा आहे. ही मुलं वाईट नसतात, फक्त सगळं 'जास्त' असतात. जास्त चिवट, जास्त हळवी, जास्त उत्साही. हसली तर पोट धरून, रडली तर बिल्डिंगला ऐकू जाईल असं.

त्याच्याही आधी, १९५६ साली, न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर नवरा-बायकोने एक काम हाती घेतलं. शंभरावर मुलांना तान्हेपणापासून गाठून, ती मोठी होईपर्यंत त्यांचा पाठपुरावा केला. मूल किती हलतं, भूक-झोपेच्या वेळा ठरलेल्या आहेत का, नवीन माणूस दिसल्यावर काय करतं, राग किती जोरात येतो, लक्ष किती पटकन उडतं... अशा नऊ गोष्टी त्यांनी पाहिल्या. सुमारे ४० टक्के मुलं 'सोपी' निघाली. १५ टक्के हळूहळू रुळणारी. आणि १० टक्के 'अवघड'. उरलेली कुठल्याच खान्यात धड बसेनात, हे मला सगळ्यात आवडलं!

पण त्यांचा खरा मुद्दा या टक्केवारीच्या पुढचा होता. मूल अवघड आहे म्हणजे पुढे त्याचं वाईटच होणार असं नाही, असं त्यांना दिसलं. मुलाचा स्वभाव आणि घरच्यांच्या अपेक्षा यांचं जमतं की नाही, यावर बरंच ठरतं. चप्पल चावते तेव्हा दोष पायाचा की चपलेचा, तसंच काहीसं.

अर्थात हे वाचलं तेव्हा मी टॉयलेटमध्ये होते, कारण घरात वाचायला तेवढी एकच जागा उरली आहे. बाहेरून दारावर थापा पडत होत्या.

बाजारातलं तांडव

पावसाळ्यात कर्जतच्या बाजारात आजूबाजूच्या वाड्यांवरून ठाकर आणि कातकरी बायका रानभाज्या घेऊन येतात. आधी शेवळं, मग टाकळा, कुळी, भारंगी, कंटोळी. आम्ही कंटोळी घ्यायला गेलो होतो. बाईसाहेबांना कंटोळ्यांची अख्खी पाटी हवी होती. मी पाव किलो घेतली. झालं! भर रस्त्यात, चिखलात लोळण. पाय झाडणं, भोकाड, सगळा कार्यक्रम. लोक थांबून बघायला लागले. 'कशी आई आहे' हे कुणी म्हणालं नाही, पण मला ते स्पष्ट ऐकू आलं.

भाजीवाल्या मावशींच्या शेजारी त्यांचा नातू बसला होता, साधारण हिच्याच वयाचा. तो कंटोळ्यांतली किडकी वेगळी काढत होता. म्हणजे निम्मी बरोबर, निम्मी चुकीची, पण काम चालू होतं. मावशींनी हिच्याकडे एक नजर टाकली आणि मला म्हणाल्या, "राहू दे गं. आभाळ भरलंय, बरसून मोकळं होईल." मग पाटीतली चार कंटोळी काढून जमिनीवर ठेवली, तिच्यापासून हातभर लांब. काही बोलल्या नाहीत. तीन-चार मिनिटांत हुंदके कमी झाले. मग एक चिखलाने भरलेला हात पुढे आला.

नंतर कळलं की मावशींचा अंदाज शास्त्राला धरून होता. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात शेकडो आई-बाबांकडून मुलांच्या अशा तांडवांची तपशीलवार वर्णनं लिहून घेतली होती. त्यातली सुमारे तीन चतुर्थांश पाच मिनिटांत किंवा त्याआधीच संपलेली. (पाच मिनिटं! आपल्याला तो अर्धा तास वाटतो.) त्यात राग आधी उसळतो आणि लवकर ओसरतो, मागे उरतं ते दुःख. म्हणून ओरडून झाल्यावर मूल आपल्याच कुशीत येतं. ज्या माणसावर रागावलं, त्याच्याच.

कारण साधं आहे. या वयात मुलाला कळतं खूप, बोलता येतं थोडं. हवं ते ठामपणे ठाऊक असतं, पण थांबण्याचं, स्वतःला आवरण्याचं काम करणारा मेंदूचा पुढचा भाग अजून कच्चा असतो. तो पूर्ण पिकायला विशी उलटावी लागते. म्हणजे अडीच वर्षांच्या मुलीला 'जरा समजून घे' म्हणणं हे पाय प्लॅस्टरमध्ये असलेल्या माणसाला पळ म्हणण्यासारखं. आणि माझं वय तिशीला टेकलंय, माझा तो भाग पूर्ण तयार असायला हवा. तिकडेच येतेय आता.

त्याआधी त्या मावशींबद्दल एक सांगायला हवं. त्यांना 'बघा, गरिबाघरची मुलं कशी शहाणी' या चौकटीत बसवायचं नाहीये मला. याच भागातली कितीतरी कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. तेवढे महिने त्यांच्या मुलांची अंगणवाडी सुटते, खाणं-पिणं, वजन-उंची सगळंच विस्कटतं. मावशी शहाण्या आहेत, परिस्थिती नाही.

शंभर किलोमीटर लांबचा बाबा

मुंबईच्या मैत्रिणींचा ठरलेला डायलॉग, "तुम्ही काय बाबा लकी, कर्जतला राहता! मोकळी हवा, नदी, डोंगर..." त्यांचं कर्जत म्हणजे वीकेंडचं. फार्महाऊस, रिसॉर्ट, गरम भजी आणि ढगांचे फोटो. आमचं कर्जत म्हणजे सीएसएमटीपासून शंभर किलोमीटरवरचं स्टेशन. नवरा पहाटेची लोकल पकडतो तेव्हा लेक झोपलेली असते. रात्री येतो तेव्हा ती झोपलेली असते किंवा झोपायला हवी असते. त्याला पाहून ती पुन्हा चार्ज होते, मग साडेअकरापर्यंत घरात घोडेस्वारी! घोडा विक्रोळीहून उभ्याने आलेला.

डोंबिवलीचं वन-बीएचके सोडून आम्ही इथे आलो ते सासूबाईंसाठी, भाड्यासाठी आणि खरं सांगायचं तर त्या 'मोकळ्या हवे'साठी. पण हवा मोकळी असली तरी पाय मोकळे करायला जागा लागते. बिल्डिंगखालची जागा पार्किंगने खाल्लीये. रस्त्यावर डंपर. पावसाळ्यात उल्हास नदीच्या जवळही फिरकायची सोय नाही, पाणी कधी चढेल नेम नाही. मग उरतो तो दोन खोल्यांचा गड आणि त्यावर चढाई करणारी एकटी सेना.

आणि मोबाईल. नाही लपवत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं की दोन वर्षांच्या मुलाला दिवसात एक तासाच्या वर स्क्रीन नको, कमी असेल तर उत्तम. एक वर्षाच्या बाळाला तर नकोच. आणि दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल हवी. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणंही जवळपास तेच. हालचालीचा कोटा आमच्याकडे सकाळी दहालाच संपतो. स्क्रीनचा एक तास मात्र डेडलाईनच्या दिवशी दोन कधी होतो ते कळत नाही. फोनवर कुणाची तरी मुलाखत घेताना मागून 'अजून एक गाणं' असं ऐकू येत असतं, आणि मी एक गाणं लावते.

तो एक फटका

ऑगस्टमधली संध्याकाळ. वीज गेलेली. लॅपटॉपची बॅटरी अकरा टक्के. सात वाजता लेख पाठवायचा होता. सासूबाई गुडघा दुखतो म्हणून आत आडव्या झालेल्या. मी दोन मिनिटांसाठी मेणबत्ती शोधायला गेले. परत आले तर बाईसाहेब टेबलावर मांडी घालून बसलेल्या, हातात वरणाची वाटी आणि चमचा. कीबोर्डवर पिवळं वरण. "जेव," ती लॅपटॉपला सांगत होती, "आ कल."

मी तिला मारलं. पाठीत, जोरात.

ती एक क्षण रडलीच नाही. माझ्याकडे बघत राहिली, ही कोण बाई आहे असं. मग रडली.

लॅपटॉप वाचला. लेख गेला, दुसऱ्या दिवशी. त्याचं काही नाही. दोन दिवसांनी ती बाहुलीशी खेळत होती. बाहुलीला झोपवलं, पांघरूण घातलं आणि अचानक तिच्या पाठीत दणका घातला. "किती वेला सांगितलं!" आवाज माझा. अगदी माझा. शब्दांमधला तो वैताग, 'किती'वरचा जोर, सगळं.

शाळेत मुलांना मारायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे, २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातच ते आहे. कुठल्या बाईंनी हिला मारलं असतं तर मी तावातावाने भांडायला गेले असते. घरातल्या तक्रारीसाठी कुठे जायचं? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली स्पष्ट सांगितलंय की मारल्याने मूल सुधारत नाही, उलट पुढे आणखी आक्रमक व्हायची शक्यता वाढते. हे मला माहीत होतं. मी यावर एकदा लेखही लिहिला होता, मानधन मिळालं होतं त्याचं!

रात्री सासूबाईंना सांगितलं. मला वाटलं म्हणतील, 'चालायचंच, आम्ही नाही का मारलं.' त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ह्याला मी एकदा फोकाने मारलं होतं. शाळेतून दमून आले होते, वरून घरात पाहुणे. ह्याने काय केलं होतं ते आता आठवत पण नाही बघ. तो अजून ते सांगून हसतो. मला नाही येत हसू."

कोसबादची टेकडी, व्हाया आमचं स्वयंपाकघर

सासूबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. त्यांच्या कपाटात अनुताई वाघांचं 'कोसबादच्या टेकडीवरून' आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी ते काढलं आणि मला ताराबाई मोडकांबद्दल सांगत बसल्या. मास मीडियाच्या तीन वर्षांत मला जे कुणी शिकवलं नव्हतं ते.

गोष्ट सुरू होते गुजरातमधल्या भावनगरला. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसं वाढवायचं या विचारातून ते माँटेसरीच्या पुस्तकांपर्यंत पोहोचले आणि वकिली मागे टाकून १९२० साली त्यांनी बालमंदिर काढलं. लोक त्यांना 'मिशीवाली आई' म्हणायचे. ताराबाई तिथे गेल्या आणि त्यांच्याच होऊन गेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे ताराबाई मुंबईत आल्या, दादरला शिशुविहार सुरू झालं. पण ती शहरातली, शिकलेल्या घरांतली मुलं. मग १९४५ साली, पन्नाशी उलटलेली असताना, त्या डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या आणि नंतर तिथून कोसबादच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांजवळ. अनुताई सोबत होत्याच.

तिथे अडचण अशी की मुलं बालवाडीत येईनात. आली तर बसेनात! (हे वाचून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.) कुणी गुरांमागे, कुणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन. तेव्हा ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही, बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. महागडी माँटेसरीची साधनं परवडणारी नव्हती, तर शंख-शिंपले, बिया, खडे, पानं घेतली. १९७५ साली केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो शब्द देशभर पोहोचला. आज गावोगावी जी अंगणवाडी दिसते, तिच्या नावामागे एका जागी न बसणारी ती मुलं आहेत.

"ह्यांना खेळणी नको असतात गं," सासूबाई म्हणाल्या, "काम हवं असतं. खरं काम."

आणि त्यांनी भिजवलेल्या, मोड आलेल्या कडव्या वालांचं पातेलं खाली ओढलं. रायगडात बिरड्याशिवाय श्रावण होत नाही. वाल सोलणं म्हणजे चिकाटीचं काम. दाबलं की दाणा सालातून सुळकन सुटतो, कधी ताटलीत, कधी थेट कपाटाखाली. बाईसाहेब आजीसमोर बसल्या. पहिला वाल माझ्या डोक्यावर आला. दुसरा ताटलीत. मग जी समाधी लागली ती चाळीस मिनिटं! एका खेळण्यावर चार मिनिटांच्या वर न टिकणारी माझी मुलगी जीभ बाहेर काढून वाल सोलत होती. (मी तिथून हलले नाही. या वयात वाल नाकात जायला एक सेकंद पुरतो.) सोललेले वाल एकवीस. पण त्या रात्री तिने बिरडं-भात मोबाईलशिवाय खाल्लं, कारण ते 'तिने केलेलं' होतं.

तेव्हापासून ओट्याखालचा सगळ्यात खालचा ड्रॉवर तिचा. एक छोटं लाटणं, दोन वाट्या, चाळणी, फडकं. पाणी ओतायला पितळी तांब्या, गॅलरीत. घर ओलं असतं, मान्य. पण 'नको, नको, नको'चा पाढा निम्म्यावर आला. पूर्वी दिवसात किती वेळा 'नको' म्हणते ते मोजायला घेतलं होतं. दुपारपर्यंत साठ झाले, पुढे मोजलं नाही.

डॉक्टर, प्लेग्रुप वगैरे

याच दरम्यान एका प्लेग्रुपचा प्रयोग झाला. चौथ्या दिवशी बाईंनी बाजूला घेऊन सांगितलं, "एका जागी बसत नाही हो. थोडी शांत झाली की आणा." छोटी खोली, पंधरा मुलं, भिंतीवर टीव्ही आणि त्यावर इंग्रजी बालगीतं. मी पण बसले नसते. पण त्या वेळी हे सुचलं नाही. रिक्षात बसून रडले आणि सरळ डॉक्टरांकडे गेले. हायपरॲक्टिव्ह तर नाही ना? इंटरनेटवर सगळी लक्षणं जुळत होती.

डॉक्टरांनी तिला टेबलावर बसवलं. ती टेबलावरून उतरली, वजनकाट्यावर चढली, स्टेथोस्कोप मागितला. ते बघत राहिले आणि मला विचारत गेले. झोप लागली की नीट झोपते का? हाक मारली की वळून बघते का? डोळ्यात बघून बोलते? दोन-तीन शब्दांची वाक्यं? आवडीच्या कामात रमते? मी वालाचं सांगितलं. ते हसले. म्हणाले, चार वर्षांच्या आधी ते लेबल सहसा लावत नाहीत, कारण या वयात निम्मी मुलं अशीच दिसतात. काळजी कधी करायची? नावाला प्रतिसाद नसेल, दोन वर्षं झाली तरी दोन शब्द जोडत नसेल, आलेले शब्द जात असतील, स्वतःला सतत इजा करून घेत असेल, तेव्हा थांबू नका, लगेच या. "हिला चालवा. खूप चालवा," हे प्रिस्क्रिप्शन.

म्हणून एका रविवारी माथेरान. नेरळवरून वर जाईपर्यंत दोन उलट्या. पण दस्तुरी नाका ओलांडला आणि मला एकदम हलकं का वाटतंय ते कळेना. मग लक्षात आलं, माथेरानच्या त्या लाल रस्त्यावर गाड्याच नाहीत! मी तिचा हात सोडला होता. चालता यायला लागल्यापासून पहिल्यांदाच. घोडे आले की कडेला व्हायचं, एवढा एकच नियम. ती पुढे, आम्ही मागे. मातीत बसली, दगड वेचले, घोड्याच्या लिदीचं सखोल निरीक्षण केलं. एका माकडाने तिच्या हातातला बिस्किटाचा पुडा पळवला, तेव्हा ती रडली नाही. कमरेवर हात ठेवून झाडाकडे बघत ओरडली, "ए! माझं आहे ते!"

नवरा सहा तास तिच्या मागे होता. परतताना तो गाडीत गप्प. मग म्हणाला, "तू रोज हे एकटी करतेस?"

मी काही बोलले नाही. भांडायची सुवर्णसंधी होती, पण झोप जास्त महत्त्वाची होती.

त्याने ऑफिसमध्ये आठवड्यातून दोन दिवस घरून काम मागितलं. एक मिळाला, बुधवार. पहिल्या बुधवारी साडेअकराला मला म्हणाला, "मी ऑफिसला जाऊ का?" पण टिकलाय. आता बुधवारी सकाळी मी दार लावून लिहिते आणि बाहेरून जे काही आवाज येतात, ते न ऐकल्याचं सोंग करते. हे जास्त अवघड आहे, कुणाला सांगू नका.

बुधवारी संध्याकाळी बाप-लेक स्टेशनवर जातात. डेक्कन क्वीन बघायला. कर्जतला घाट सुरू होतो, १८६३ सालचा बोरघाट, सदतीस फुटांना एक फूट चढ. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना इथे मागून जादा इंजिनं लावतात, बँकर. ती गाडीला मागून ढकलत लोणावळ्यापर्यंत नेतात. गाडीच्या पुढच्या इंजिनात बाईसाहेबांना काडीचा रस नाही. त्या फलाटाच्या शेवटच्या टोकाला जाऊन बँकरची वाट बघतात. दिवाडकरांचा वडा एका हातात, तिखट लागलं म्हणून नाक लाल, पण हलायचं नाही.

मागच्या आठवड्यात लिफ्ट बंद होती. सासूबाई गुडघा धरून एकेक पायरी चढत होत्या. मागून त्यांच्या साडीवर दोन छोटे तळवे टेकले आणि आवाज आला, "आजी, चल. मी बंकल आहे."

प्लेग्रुपचं अजून काही ठरलेलं नाही. दिवाळीनंतर एक जागा बघायची आहे, तिथे अंगण आहे असं ऐकलंय. परत 'शांत झाली की आणा' म्हणाले तर काय करायचं हा प्रश्न आहेच, आणि माझ्याकडे उत्तर नाहीये.

गॅलरीचा प्रश्न मात्र सोडवला. काल सुताराला बोलावून खालची कडी काढली आणि चांगली पाच फुटांवर बसवली. बाईसाहेब सगळं काम मान वर करून बघत होत्या. स्क्रूसुद्धा त्यांनीच एकेक करून दिले. सुतार गेला, मी चहा टाकायला वळले आणि मागून फरशीवर काहीतरी जड घासत येत असल्याचा आवाज आला.

स्टूल होतं.